टाकीखालचा कागद

"सुलट उडताना गुणी बाळ, आणि उलटं केलं की गुदमरतंय. असं कसं?" तारांची मूठ खाली ठेवत शर्वाणी म्हणाली.

दोन तारांना बांधून स्वतःभोवती गोल उडवायचं हे छोटं विमान तिला उडवायला शिकवणाऱ्या खानविलकर सरांचं होतं. सर वारल्यावर त्यांच्या मुलाने ते तिला आणून दिलं. सर ते पोट वर करून उडवत, तेव्हाही इंजिनचा सूर बदलत नसे. का, ते मात्र कधी सांगत नसत. 'बिघडल्याशिवाय कळत नाही,' म्हणायचे.

"पुसताना आतलं काही काढलंस का?" विमान धरायला आलेल्या नवऱ्याने विचारलं.

"काही नाही. इंधनाच्या टाकीखाली एक तेलकट कागद कोंबलेला होता, तो..." बोलता बोलता ती थांबली. टाकी कागदाच्या जाडीएवढी खाली बसली होती.

हत्यारांच्या पेटीच्या तळाशी, मळक्या फडक्यांत तो कागद सापडला. उलगडला तर आत सरांचं पेन्सिलीतलं अक्षर.

'शर्वाणी, बिघडलं ना? टाकी एवढी उचलली की सुलट-उलट इंजिनला सारखंच इंधन मिळतं. पुन्हा घडी घाल, आठ पदरी. आणि तुझ्यानंतर जो उडवेल, त्याला सांगायचं नाही.'