गुरुवारची ओरल

“नापास,” सर म्हणाले. “पुढच्या गुरुवारी परत या.”

समोरच्या एकट्या खुर्चीतले इतिहासवाले उठून उभे राहिले. “हो, सर.”

“साम्राज्य का कोसळलं, तर म्हणे राजकीय, आर्थिक आणि सामाजिक कारणांमुळे. हे गाइडात असतं. तुम्हाला काय कळलंय ते या बाईंना सांगा, म्हणालो होतो. त्यांना इतिहासातलं ओ की ठो कळत नाही.”

“खरंय,” सरांच्या शेजारी बसलेल्या केमिस्ट्रीच्या बाई म्हणाल्या. “पण रस्त्यांचं मला कळलं, सर. दुष्काळात धान्याच्या आधी वसुलीवाले पोचायचे, ते.”

“तेवढं बरं होतं. शेवट मात्र गुंडाळला.”

सरांची मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे बघत होती. ती सकाळीच आली होती, वडिलांना आपल्या घरी कायमचं घेऊन जायला. जेवणाच्या टेबलावरचं कापड काढून ठेवलेलं. एका बाजूला परीक्षकांच्या खुर्च्या, दुसऱ्या बाजूला एकच. आणि त्या एकट्या खुर्चीतून उठलेल्या परीक्षार्थ्याचे सगळे केस पांढरे.

मग अदलाबदल झाली. इतिहासवाले परीक्षक झाले आणि बाईंनी त्यांना लोखंड का गंजतं ते सांगितलं. बाई पास झाल्या. दर वेळी व्हायच्या.

ही संयुक्त ओरल सरांनीच कॉलेजात सुरू केली होती. ते गणिताचे. त्यांचं म्हणणं, आपल्या विषयाच्या माणसापुढे कुणीही हुशार दिसतो. पोराला खरंच काय उमगलं ते परक्या विषयाच्या माणसाला सांगताना बाहेर पडतं. म्हणून इतिहासाचा विद्यार्थी गणित आणि केमिस्ट्रीच्या परीक्षकांपुढे, फिजिक्सचा भाषेच्या. ओरलच्या दिवसांत सर सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हणायचे. एरवी कान धरणारा माणूस आज अहो-जाहो करतोय म्हटल्यावर पोरांची बोबडी वळायची.

मुलीला तो व्हरांडा आठवत होता. शाळा सुटली की ती तिथे जाऊन बसे. भिंतीला टेकून पुटपुटणारी मुलं, एकमेकांची कॉलर सारखी करणारी, आतून आलेल्याला घेरून “काय विचारलं रे?” म्हणणारी. त्यांतच एक किडकिडीत मुलगा होता, इतिहासाचा. अख्खा धडा घोकून आत गेला आणि पडक्या चेहऱ्याने बाहेर आला. “पाठांतर छान आहे म्हणाले,” तो मित्रांना म्हणाला होता. पुढे तो त्याच कॉलेजात शिकवू लागला, सरांच्या शेजारी बसून ओरल घेऊ लागला. केमिस्ट्रीच्या बाईसुद्धा तशाच. सर निवृत्त झाले तशी ओरल बंद पडली. खुणा करायच्या उत्तरपत्रिका आल्या. कालांतराने हे दोघेही निवृत्त झाले.

कॉफी ठेवता ठेवता तिने इतिहासवाल्यांना विचारलं, “काका, हे सुरू कधी झालं?”

“दोन वर्षं होत आली. एका सकाळी सरांचा फोन आला. आज ओरल आहे, वेळेवर या. मला वाटलं, थट्टा करतायत. येऊन बघतो तर टेबल मांडून तयार.” त्यांनी आवाज खाली आणला. “डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, विरोध करू नका. मग बाईंनाही बोलावून घेतलं.”

“आणि तुम्ही दर गुरुवारी नापास होता.”

“आठवडाभर वाचतो गं. चष्म्याचा नंबर वाढला. तरी काहीतरी राहतंच.” ते हसले. शर्टाला कडक इस्त्री होती. “सरांसाठी एवढं तर करायलाच हवं.”

“मी त्यांना घेऊन जायचं म्हणतेय.”

त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, “बरोबर आहे. आपलं माणूस जवळ असावं.” आणि मग, “तिकडे ओरल घ्यायला कुणी मिळेल का त्यांना?”

ती कप गोळा करू लागली.

निघताना दोघे दारात उभे राहिले, मास्तरांनी जा म्हणेपर्यंत मुलं राहतात तसे.

“तयारी करून या,” सर इतिहासवाल्यांना म्हणाले. “शेवट नीट बसवा.”

“हो, सर.”

दार लागलं. मुलगी खुर्च्या जागेवर लावू लागली. वडिलांशी हळू, समजुतीच्या सुरात बोलायचं तिने येतानाच ठरवलं होतं.

“बाबा, या आठवड्यात माझ्याकडे चला. कायमचे. कॉलेजला रजेचं मी कळवते.”

“कुठल्या कॉलेजला?” सर टेबलावर कापड पसरत होते. “मला रिटायर होऊन जमाना झाला. तुझी धाकटी तेव्हा रांगत होती.”

तिचा हात खुर्चीवरच राहिला.

“मग हे काय चाललंय, बाबा?”

सरांनी कापडाची सुरकुती तळहाताने सावकाश सारखी केली.

“बायको गेल्यापासून तो घराबाहेर पडत नव्हता,” ते म्हणाले. “त्याला पास करून कसं चालेल?”