जवारीचा कान

दिलशादने तंबोऱ्याच्या तारा टेकतात त्या घोडीवर कानस फिरवली, तार छेडली आणि तिचे डोळे भरून आले. बनवणारी कंपनी बुडाल्यापासून बंद पडलेल्या तिच्या कृत्रिम कानात जवारी, तारेचा तो खास गुंजारव, पुन्हा घुमत होती. ती सांगेल तसतसं प्रोग्रामर मृण्मयीने कानाचं सॉफ्टवेअर बदललं होतं.

"आता हेच अन्वरच्या कानात घाला," दिलशाद म्हणाली. धाकट्या भावाचा कृत्रिम कान फक्त बोलण्यापुरता होता.

"वरून वेगळं प्लगइन, म्हणजे छोटा जोड-प्रोग्राम, जोडला तर तुमच्या जवारीचं गुपित घरातच राहील, पण जवारी अर्धवट ऐकू येईल," मृण्मयी म्हणाली. "हा मूळ सॉफ्टवेअरमधला बदल दुसऱ्याला दिला, तर त्याच्या परवान्याप्रमाणे तो सगळ्यांसाठी खुला करावा लागतो. मग कुणीही तुमच्यासारखं ऐकेल."

अन्वर कुरकुरला, "आपा, आजोबांनी ही जवारी लावणं कधी मिरजेतल्या शेजाऱ्यालाही शिकवलं नाही."

दिलशादने मृण्मयीला विचारलं, "कंपनी गेल्यावर माझा कान कुणामुळे सुरू झाला?"

"चिलीतल्या एका बाईंमुळे. त्यांनी स्वतःच्या कानासाठी केलेला बदल खुला ठेवला होता. त्यांचं नाव सॉफ्टवेअरच्या आतच लिहिलेलं आहे."

"मी कोण, हे त्या बाईने विचारलंसुद्धा नाही," दिलशाद म्हणाली आणि तंबोरा तिने अन्वरच्या मांडीवर ठेवला. "तिच्या नावाखाली आजोबांचं नाव लिहा."