अकरावा क्रमांक

वकीलबाईंनी बायोडेटा शलाकापुढे सरकवला. "लॉ कॉलेजात तिसरा क्रमांक, असं लिहिलंयस. तुमच्या वर्गात तिसरी आलेली मुलगी सकाळीच गुणपत्रिका दाखवून गेली."

शलाकाने बायोडेटा उलटा करून ठेवला. "माझा अकरावा आहे, मॅडम. खरं लिहिलं तर तुम्ही बोलावणारच नाही, असं वाटलं."

"मी क्रमांक बघून बोलावलंच नव्हतं. अर्जासोबत जोडलेलं, पोटगीच्या खटल्यावरचं तुझं टिपण वाचलं होतं. तिच्या टिपणापेक्षा सरस होतं. नोकरी तुलाच द्यायची, असं ठरवलं होतं मी."

"आणि आता?"

"आता तू लिहिलेला कागद कोर्टात द्यायला माझा हात धजणार नाही," बाई हळूच म्हणाल्या.

घरी येऊन शलाकाने आधी बायोडेट्यात 'अकरावा' लिहिलं. मग त्या तिसऱ्या आलेल्या मैत्रिणीला अभिनंदनाचा फोन लावला; नोकरी आता तिलाच मिळणार होती. पलीकडून "हॅलो" आलं, तेव्हा मात्र ती आधी म्हणाली, "तुझा क्रमांक मी माझ्या नावावर लिहिला होता."