ड्राइव्ह शून्यावर

अखमदू अल्जीरियातलं तामनरासेत शहर सोडून लिबियाला गेला, तो तीन वर्षांत परतला नाही. मागे त्याची गिटार आणि आवाज मोठा करणारा व्हॉल्व्हचा अँप राहिला. पण त्याच्या वाजवण्यातला तो आवाज त्याच्या बहिणीला, राइशाला, काही केल्या सापडेना. गिटारला जोडलेल्या पेडलचा ड्राइव्ह, म्हणजे सुराला खरखर देणारा खटका, वाढवला, की डबीत कोंडलेल्या माशीसारखं भणभणायचं.

आज चिडून तिने ड्राइव्ह शून्यावर आणला, पेडलची लेव्हल पूर्ण उघडली, अँपही पूर्ण उघडला. तार छेडली.

वाळूवरून पाय ओढल्यासारखा, अगदी भावाचाच आवाज.

डोळे भरून आले तशी तिने तारांवर तळवा दाबला. तारा थांबल्या, तरी सूर पुढे चालूच राहिला.

आतून चहा ओतता ओतता आई म्हणाली, "तू लुडबुड करू नको गं. दादाला वाजवू दे."

राइशाचा हात अँप बंद करायच्या बटणापर्यंत गेला, आणि तिने तो मागे घेतला.