हिरवा आहे तो, उठेल

गॅरेजच्या पाटीवरून आपलं नाव पुसलेलं दिसलं आणि हणमंतचं डोकं फिरलं. हातातला पाना त्याने धाकट्या भावाच्या, निवासच्या, डोक्यात घातला. निवास इंजिनावर आदळून खाली कोसळला. त्याच्या कानातून रक्त यायला लागलं.

हणमंतने आधी मोबाइल बघितला; घरातल्या प्रत्येकाच्या मनगटावरच्या पट्ट्यातून हृदयाचे ठोके त्यावर कळत. निवासच्या नावापुढचा ठिपका हिरवा होता, म्हणजे काळीज व्यवस्थित चालू होतं. "नाटकं करतोस होय रे?" म्हणत त्याने भावाच्या छातीत दोन लाथा हाणल्या.

आवाज ऐकून निवासची बायको सुरेखा धावत आली. तिने नवऱ्याच्या छातीला कान लावला. "भाऊजी, ठोका लागत नाही हो!"

"तुझा कान खरा की यंत्र खरं? हिरवा आहे तो. उठेल."

तिने रुग्णवाहिकेला फोन लावला. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, "ताई, आमच्याकडेही हिरवाच दिसतोय. हिरव्यासाठी गाडी सोडता येत नाही."

"अहो, ओठ निळे पडलेत त्यांचे!"

"ठिपका बदलू दे. लगेच सोडते."

सुरेखा फोन चालूच ठेवून दोन्ही हातांनी छाती दाबत राहिली. हणमंत पान्यावरचं रक्त पुसत उभा होता. तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. ठिपका राखाडी झाला होता. खाली बारीक अक्षरं होती : 'शेवटचा ठोका नऊ मिनिटांपूर्वी. माहिती उशिरा पोहोचल्याबद्दल क्षमस्व.'

नऊ मिनिटांपूर्वी तो लाथा घालत होता. हणमंतने आपल्या बुटांकडे बघितलं.

जमिनीवरच्या फोनमधून बाईचा आवाज आला, "बदलला हं, ताई. आता पत्ता सांगा."