दहावा माणूस

सिस्टरनं दुसऱ्यांदा दारातून डोकं आत घातलं. "मॅडम, भूल देणारे डॉक्टर थांबलेत."

"पाच मिनिटं," डॉ. संयोगिता म्हणाल्या. ही त्यांची दुसरी पाच मिनिटं होती.

समोरच्या खाटेवर आकाराम बसला होता. शिरोळचा ऊसवाला, वय पंचेचाळीस, वजन एकशे एकेचाळीस किलो, साखर कधीच आटोक्यात नाही. त्याच्या आतड्यात दोन ठिकाणी दोन चुंबकं सोडायची होती. ती एकमेकांना ओढून घट्ट चिकटतात, चिकटल्या जागी नवी वाट पडते आणि काम झालं की चुंबकं शौचावाटे बाहेर पडतात. खाल्लेलं मग जवळच्या वाटेनं जातं, अंगाला कमी लागतं. या नव्या उपचाराच्या चाचणीला दहा माणसं हवी होती. नऊ झाली होती. मुदत आज संध्याकाळी संपत होती, आणि दहावा मिळाला नाही तर बाईंची तीन वर्षांची खटपट पाण्यात जाणार होती.

दहावा तर समोरच होता. सकाळपासून उपाशी, अंगात हिरवा गाऊन, सही केलेला संमतीचा कागद उशाशी. मग बाईंच्या जिवाला घोर कसला?

घोर होता त्याच्या 'व्हय'चा. गेले दोन महिने रक्त काढू का म्हटलं, व्हय. आत रक्तस्राव होऊ शकतो म्हटलं, व्हय. वेळ पडली तर पोट उघडावं लागेल म्हटलं, तरी व्हय. बाकीच्या नऊ जणांनी विचारून विचारून बाईंचं डोकं खाल्लं होतं. मटण कधी खायचं, बुलेटवर बसलेलं चालेल का, खिशातला मोबाइल पोटाला चिकटेल का. या बाबानं एक शब्द विचारला नव्हता.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. शेवटी न राहवून त्या चक्क खोटं बोलल्या.

"आकारामभाऊ, ही चुंबकं जन्मभर आतच राहणार. चालेल ना?"

"चालतंय की."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, ती बाहेर पडतात. दहा वेळा सांगितलं मी. तुम्ही ऐकलंच नाही?"

आकाराम ओशाळला. गाऊनची नाडी बोटाला गुंडाळत म्हणाला, "ऐकून काय करायचं व्हतं, ताई? तुमी घरला आलासा, जेवलासा. आमच्या आईनं तुमची ओटी भरली. आन् उंबऱ्यात उभं ऱ्हाऊन म्हणालासा, एक माणूस कमी पडतोय. ओटी भरलेल्या लेकीनं पयल्यांदा कायतरी मागितलं, तिला न्हाय म्हणायचं व्हय?"

बाईंना तो उंबरा आठवला. आपण सहज बोलून गेलो, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. पटेना. लाज वाटली.

सिस्टर तिसऱ्यांदा आली. "घ्यायचं ना आत?"

संयोगिताबाईंनी उशाजवळचा कागद ओढला आणि सहीवर आडवी रेघ मारली.

"नाही. भूलवाल्या डॉक्टरांना जायला सांगा. यांना बिनसाखरेचा चहा द्या." मग आकारामकडे न बघता त्या म्हणाल्या, "घरी जा, भाऊ. आईंना सांगा, लेकीनं मागणं परत घेतलं. औषधं माझ्याकडूनच चालू राहतील."

चहा आला. आकारामनं तो दोन घोटांत संपवला, पण खाटेवरून उठला काही नाही.

"म्हंजे आता तुमचं मागणं न्हाय?"

"नाही."

"मी न्हाय म्हणालो तरी आईला वाईट वाटायचं काम न्हाय?"

"नाही हो."

आकाराम खाटेच्या कडेपर्यंत पुढं सरकला.

"मग आता नीट सांगा, ताई. त्ये चुंबक आतच अडकलं, तर मी मरंन का?"