बिनमोबदल्याचा कागद

"फुकटचा कागद कायद्यात बसवून दाखवा, माणिककाका, भर चौकात तुमाला बाप म्हणीन!"

भागवत हे वैजनाथच्या चहाच्या टपरीवर बोलला. चहा निवायच्या आत पैज अख्ख्या शिरड शहापुरात पोचली.

भानगड पाण्याची होती. भागवतला पुण्यात नोकरी लागली होती. बाप लहानपणीच गेलेला. आई, नर्मदाबाई, हळदीचं वावर सोडून यायला तयार नव्हती. आणि हळद जगायची ती शेजारच्या माणिकरावांच्या बोअरवर. माणिकराव एकटा गडी, लग्नच केलं नव्हतं. पंधरा वर्षं पाणी देत होते, बदल्यात कधी काही मागितलं नव्हतं.

"तुमी हाव तवर ठीक," भागवत म्हणायचा. "तुमच्या मागं पुतणे एका दिवसात पाइप तोडतील. मग आईनं काय करावं?"

म्हणून पाणी कागदावर पक्कं करायला पैजेच्या दिवशीच सकाळी तिघं औंढ्याला वकिलाकडं जाऊन आले होते.

"मोबदल्याशिवाय करार टिकत नाही," वकील म्हणाले. "काहीही चालतं. बाई तुम्हाला काय देतात?"

"रोज दुपारची भाकरी," माणिकराव म्हणाले.

"झालं! भाकरी लिहू."

नर्मदाबाई उठल्याच. "माझी भाकरी इकायची न्हाई."

"अन् माझं पाणी बी न्हाई."

वकिलांनी कपाळाला हात लावला. "मग एकच वाट. जवळच्या नात्यात, प्रेमापोटी लिहून दिलं आणि रजिस्टर केलं, तर मोबदला लागत नाही. तुमचं नातं काय?"

"शेजारी," दोघं एकदमच म्हणाले.

म्हणून भागवत टपरीवर एवढा बिनधास्त बोलला होता.

दोन महिन्यांनी तो सुट्टीवर आला. टपरीवर माणिकराव इस्त्रीचा सदरा घालून बसलेले. शेजारच्या बाकड्यावर चक्क नर्मदाबाई.

"घे, वाच. शिक्का बी बघ," माणिकराव कागद पुढं करत म्हणाले.

भागवत हसत मोठ्यानं वाचायला लागला. "मोबदला, काही नाही. कारण, नैसर्गिक प्रेम व जिव्हाळा... काका, उडालं की हे! शेजार म्हंजे काय नातं व्हय?"

"पुढं वाच."

भागवतनं मनातल्या मनात वाचलं. मग आईकडं बघितलं.

"काहून बघून राहिला?" नर्मदाबाई पदर सावरत म्हणाल्या. "पाणी पक्कं झालं न्हवं?"

भागवतनं कागदाची नीट घडी घातली. वाकून माणिकरावांच्या पायावर डोकं ठेवलं. वर उठला तेव्हा डोळे भरलेले.

"बाप," तो म्हणाला.

चौकात शिट्ट्या वाजल्या. वैजनाथ गाळणं हलवत ओरडला, "अरे, हरलास ते कळलं! पर नातं काय लिवलंय, ते तर मोठ्यानं वाच!"

"तेच तर वाचलं," भागवत म्हणाला.